दातारांची मात्रा

सकाळी पावणेसातला आमच्या घरी फोन वाजला की तो दातारांचाच असे. नमस्कार नाही, कसे आहात नाही. एकच प्रश्न, “किती?”

मग मी थंडीत कुडकुडत, पायजम्यावर, बोळातल्या कपाटासमोर गुडघे टेकून बसे. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात टॉर्च. कपाटात एक पांढरी बादली, तिच्या झाकणावर पाण्याने अर्धी भरलेली एक वाकडी नळी, आणि त्या नळीतून बुडबुडे. एका मिनिटात किती येतात ते मोजायचं आणि फोनवर जाऊन सांगायचं.

“चौदा.”

“काल सोळा होते.”

हे ते अशा आवाजात म्हणत, की जणू उरलेले दोन मी मधल्या वेळात खाल्ले.

“दातार, माझी सात-वीसची गाडी आहे.”

“गाडी रोज आहे. हा बुडबुडा आजचा आहे. नोंद केलीत?”

नव्वदचं दशक नुकतंच मध्यावर आलं होतं. आम्ही वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट नावाच्या गावात राहायचो. मी वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात नोकरीला, आणि दातार आमच्यापासून दोन घरं सोडून. ते तिथल्या एका इस्पितळात फार्मासिस्ट होते. त्यांच्या पत्नी कुसुमताई या देशात आल्यावर दोनच वर्षांत गेल्या. एकुलती मुलगी केतकी नर्सिंग शिकायला ख्राइस्टचर्चला, म्हणजे समुद्रापलीकडे. घरात दातार एकटे, आणि त्यांच्यासोबत त्यांचा काटेकोरपणा. तोच जास्त जागा व्यापायचा.

तीस वर्षांत आपल्या हातून एकदाही मात्रा चुकलेली नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान होता. “मात्रा चुकली की औषधाचं विष होतं, अभ्यंकर,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून चहात आलं घालण्यापासून ते बागेत खत टाकण्यापर्यंत प्रत्येक प्रसंगी ऐकलेलं आहे.

असा माणूस घरी बिअर गाळायला लागला, आणि तीही स्वतः थेंबभर न पिता. “का नाही घेत?” असं विचारलं तर म्हणायचे, “मी औषध बनवतो. घेत नाही.” मग घ्यायचं कुणी? तर अभ्यंकरांनी.

हे खूळ सुरू झालं ते केतकीमुळे. तिने तिकडे क्रेग नावाचा मुलगा पसंत केला. मुलाचे वडील कॉलिन, धंद्याने सुतार, स्वभावाने भले. बोटीने समुद्र ओलांडून मुद्दाम दातारांना भेटायला आले. दातारांनी त्यांना लिंबाचं सरबत दिलं. दोघं समोरासमोर पाऊण तास बसले. त्या पाऊण तासात एकदा हवेबद्दल आणि एकदा पुन्हा हवेबद्दल बोलणं झालं. मग कॉलिन उठून गेले.

संध्याकाळी दातार आमच्याकडे आले.

“माणूस वाईट नाही, अभ्यंकर. पण त्याचे हात रिकामे होते.”

“हातात सरबताचा पेला होता की.”

“पेला त्याने असा धरला होता, जसा काही लघवीचा नमुना द्यायला आलाय. मी खिडकीवर पुष्कळ माणसं पाहिली आहेत, मला कळतं. इथल्या पुरुषाच्या हातात बिअर असल्याशिवाय त्याला स्वतःच्या मुलाबद्दल बोलता येत नाही.”

“मग पुढच्या वेळी आणून ठेवा चार बाटल्या.”

दातारांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. “विकतची? व्याह्याला? आपण व्याह्यांकडे विकतचे लाडू पाठवतो का हो?”

आमची सुमती तेवढ्यात चहा घेऊन आली होती. तिने मान डोलावून “नाही पाठवत” असं म्हटलं. आपण कशाला मान डोलावतोय हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे आठ वर्षं ती त्या मान डोलावण्याला बोल लावत असे.

पुढच्याच शनिवारी दातारांनी सुपरमार्केटातून सामान आणलं. काकवीसारख्या काळ्या, चिकट अर्काचा एक डबा, यीस्टची पुडी, तीस लिटरची बादली, ती वाकडी नळी, आणि काचेची एक तरंगती कांडी. दुधात पाणी किती हे बघायला दूधवाल्यांकडे असते ना, तिचीच ही बहीण. इथे घराघरांत लोक हा उद्योग करतात. डबा ओतायचा, साखर घालायची, गरम-गार पाणी घालायचं, यीस्ट भुरभुरायचं, झाकण लावून विसरून जायचं. आमच्या ऑफिसातला एक गडी हे सगळं एका हातात सिगरेट धरून करायचा.

दातारांना पाच तास लागले. त्यातले चार निर्जंतुक करण्यात गेले. बादली, झाकण, पळी, नळी, सिंक, आणि शेवटी मी. मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. डब्याबरोबरची पत्रिका त्यांनी औषधाची वाचतात तशी तीनदा वाचली आणि लाल पेनाने दुरुस्त केली. पाण्याचं तापमान एक अंशाने चढलं म्हणून आम्ही दोघं वीस मिनिटं बादलीकडे बघत उभे होतो. अखेर यीस्ट पडलं. दातारांनी झाकण लावलं, हात जोडले नाहीत एवढंच.

“आता ही उबेत ठेवायची,” ते म्हणाले. “तुमच्याकडे.”

“आमच्याकडे का?”

“तुमचं हॉट-वॉटर कबर्ड उत्तम आहे. माझ्याकडे जागा नाही.”

इथल्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते. त्या कपाटात लोक टॉवेल, चादरी ठेवतात. आमच्या हटच्या खोऱ्यात हिवाळ्यात सकाळी गवत पांढरं होतं, त्यामुळे ते कपाट म्हणजे घरातली एकमेव मराठी हवामानाची जागा. सुमती त्यात विरजण लावायची, इडलीचं पीठ आंबवायची. त्या पातेल्यांच्या शेजारी बादली येऊन बसली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“भावजी, माझ्या विरजणाशेजारी दारू?”

“वहिनी, तुमचं ते आंबवणं आणि माझं ते पाप, असं कसं? दोन्हीकडे जंतूच राबतात.”

“माझे जंतू झिंगत नाहीत.”

पण बादली राहिली. घराला ओल्या पावाचा वास लागला. इडल्या मात्र, हे मान्य केलं पाहिजे, त्या वर्षी फार हलक्या झाल्या. सुमतीने हे दातारांना कधीही कळू दिलं नाही.

रोज सकाळी “किती?” सुरू झालं. बुडबुडे थांबले की बिअर बाटल्यांत भरायची, प्रत्येक बाटलीत चहाचा एक चमचा साखर टाकायची आणि बूच ठोकायचं. त्या साखरेवर बाटलीच्या आत पुन्हा थोडं आंबतं, आणि त्यानेच फेस येतो. मग तीन आठवडे थांबायचं. मधे एखादी उघडून बघू म्हटलं तर दातार भडकायचे. “कोर्स पूर्ण होण्याआधी बाटली फोडायची नाही. अँटिबायोटिकचं असंच वाटोळं केलंत लोकांनी.”

बाटल्यांवर ते इस्पितळासारख्या चिठ्ठ्या चिकटवत. ‘श्री. अभ्यंकर. जेवणानंतर एक पेला. हलवू नये. मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ बाटली कागदी पिशवीत घालून देत, आणि देताना विचारत, “दुसरं काही औषध चालू आहे का?” वर एक तक्ता भरून द्यायचा. रंग, वास, चव, परिणाम. पहिल्या घाण्याची चव ओल्या ब्लँकेटसारखी होती. मी तसं लिहिलं. ‘परिणाम’ या रकान्यात लिहिलं, ‘बायको बोलत नाही.’ दातारांनी तो तक्ता गंभीरपणे फाइलला लावला.

दुसरा घाणा बरा झाला. आणि तिसरा घाणा होता साखरपुड्याचा.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे. या प्रसंगाची गोष्ट मी आजवर निदान पन्नास वेळा सांगितली असेल. वेलिंग्टनपासून ऑकलंडपर्यंतच्या मराठी मंडळींना ती पाठ आहे. ती मी पन्नासही वेळा खोटी सांगितली.

साखरपुडा डिसेंबरात ठरला, दातारांच्या घरी. तीन आठवडे आधी, एका शनिवारी दुपारी, त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही बाटल्या भरत होतो. तीस मोठ्या तपकिरी बाटल्या दातारांनी स्वतः भरल्या. साखरेची बरणी वजन करून आणून ठेवली. तेवढ्यात इस्पितळातून त्यांना तातडीचं बोलावणं आलं.

“अभ्यंकर, साखर आणि बुचं तेवढी बघा. एका बाटलीला एक चमचा. सपाट. किती?”

“एक सपाट.”

“सपाट म्हणजे वरून सुरी फिरवायची.”

“कळलं हो!”

ते गेले. मी चमचा हातात घेतला आणि पहिल्या बाटलीत एक चमचा टाकला. तो मला फार केविलवाणा दिसला. एवढी मोठी बाटली आणि तळाशी चिमूटभर साखर! आमच्या घरी चहाच्या कपालाही दोन लागतात. त्यात पोरीचा साखरपुडा. व्याही पहिल्यांदा आपल्या हातचं काही पिणार. शुभकार्यात माणसाचं तोंड गोड करायचं, की मोजूनमापून कडू करायचं? दातारांचं शास्त्र बरोबर असेल, पण शास्त्राला रीतभात कुठे कळते? मी प्रत्येक बाटलीत दोन चमचे टाकले. सपाटही नाही. चांगले शिगोशीग. केतकी माझ्याही अंगाखांद्यावर खेळलेली मुलगी होती. मी ते प्रेमाने केलं, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

साखरपुड्याच्या दिवशी कडक ऊन होतं. गॅरेजचं छप्पर पत्र्याचं. दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं. आमच्यातलेच एक भूल देणारे डॉक्टर पूजा सांगत होते. क्रेग झब्बा घालून पाटावर बसला होता, शेजारी कॉलिन मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून. केतकीच्या ओटीत सुमतीने साखरेचा पुडा ठेवला, आणि गॅरेजमधून धाड असा आवाज आला.

कुणीतरी म्हणालं, “गाडीचा टायर फुटला वाटतं.”

धाड. धाड-धाड.

“टायर चारच असतात ना?” सुमती म्हणाली.

मग जे सुरू झालं ते पाच मिनिटं चाललं. एका बाटलीच्या दणक्याने शेजारची, तिच्या दणक्याने पलीकडची. भूलतज्ज्ञांनी मंत्र सोडून सगळ्यांना जमिनीवर बसायला सांगितलं. कॉलिननी आपल्या भावी सुनेला एका हाताने स्वतःच्या मागे ओढलं आणि पुढे पूजेचा पाट ढालीसारखा धरला. दाराखालून फेसाचा एक ओहोळ शांतपणे आत आला आणि रांगोळीला मिळाला.

आवाज थांबल्यावर दातार गॅरेजमध्ये गेले. मागोमाग मी. सुदैवाने आत कुणी नव्हतं. काचांचा सडा, छताला फेस, तीसपैकी अकरा बाटल्या उभ्या. दातार फळीपाशी गेले. त्यांनी साखरेची बरणी उचलली, झाकण काढून आत पाहिलं. बरणी तळहातावर तोलली, जराशी. झाकण लावून परत ठेवली.

माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळून मला बोलता आलं असतं. “दातार, मी दोन टाकले,” एवढी चारच पदं. पण मागे सगळे येऊन उभे राहिले होते. सुमती, केतकी, कॉलिन. मी पेढा चघळत राहिलो.

दातार त्यांच्याकडे वळले. “मात्रा चुकली,” ते म्हणाले. मग इंग्रजीत, कॉलिनसाठी, “माय मिस्टेक. आय मेझर्ड राँग.”

“मेट,” कॉलिन म्हणाले, “माझी पहिली बॅच फुटली तेव्हा मांजर तीन दिवस घरी आलं नव्हतं.” आणि त्यांनी झाडू उचलला. त्या दिवशी ते दोघं काचा गोळा करत गॅरेजमध्ये दोन तास बसले आणि मुलांबद्दल बोलले. हातात बिअर नव्हती. आम्ही सगळे आत जेवत होतो. बाहेरून दातारांच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा केतकी घास हातात धरून ऐकत राहिली.

म्हणजे शेवट गोडच झाला की, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पण तीस वर्षांत एकदाही मात्रा न चुकलेल्या माणसाने तीस माणसांसमोर ‘चुकली’ म्हटलं होतं. गोष्ट इस्पितळातही पोहोचली. औषधाच्या खिडकीवर नर्सेस विचारायला लागल्या, “ही बाटली फुटणार नाही ना?” गणपतीत कुणीतरी म्हणालं, “दातार, शिऱ्यात साखर तुम्ही नका घालू हं.” ते हसायचे. हसून झालं की चष्मा पुसायचे. आणि ही गोष्ट सगळ्यात रंगवून सांगणारा मी. धाड-धाडचे आवाज तोंडाने काढून, दातारांची नक्कल करून. ते समोर बसलेले असतानासुद्धा.

दोन महिन्यांनी फोन आला. “चौथा घाणा लावायचाय.”

मी चकित झालो. बाटल्या भरायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक नवीन चमचा ठेवला. पांढरा, प्लॅस्टिकचा, लहान मुलांच्या औषधाबरोबर देतात तसा. दांड्यावर काहीतरी खरवडल्यासारखं दिसत होतं.

“साखर तुम्हीच टाका,” ते म्हणाले. “मात्रा बदलली आहे. आता दोन चमचे. सपाट.”

“दोन?”

“दोन. नवीन शास्त्र.”

मी दोन-दोन टाकले. एकही बाटली फुटली नाही. पुढच्या घाण्यातही नाही. मग माझ्या मनाने असा हिशोब मांडला, की दोन चमचे मुळात बरोबरच होते. तेव्हा जे फुटलं ते उन्हाने फुटलं असेल, बुचं जुनी असतील, दातारांचंच काहीतरी चुकलं असेल. केवढं हलकं वाटलं! मी गोष्ट आणखी रंगवून सांगायला लागलो.

काही वर्षांनी दातार निवृत्त झाले आणि केतकीजवळ राहायला ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात निघाले. सामान बांधायला मी गेलो होतो. चादरी कुठे आहेत ते बघायला त्यांचं हॉट-वॉटर कबर्ड उघडलं. आमच्यापेक्षा दुप्पट मोठं. बादलीच काय, अख्खा पिंप मावला असता. आत फक्त एका फळीवर कुसुमताईंच्या शाली आणि स्वेटर होते, नीट घड्या घालून ठेवलेले. हात लावला तर उबदार.

दातार मागे उभे होते. “तिला इथली थंडी फार वाजायची,” ते म्हणाले. मग एका शालीची घडी सारखी करत, “त्या शेवटी बांधा. बादली तुम्ही ठेवून घ्या. चमचाही.”

रोज सकाळी पावणेसातला तो फोन बुडबुड्यांसाठी नव्हता, हे मला त्या कपाटासमोर कळलं. तेव्हासुद्धा मी साखरेचं बोललो नाही. मला वाटत होतं, बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही.

दातार जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मला खोकला झाला. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाबरोबरचा चमचा सापडेना, म्हणून सुमतीने खणातून दातारांचा पांढरा चमचा काढला. ती तो स्वयंपाकघरातल्या चहाच्या चमच्याशी ताडून बघत होती.

“अहो, हा निम्माच आहे,” ती म्हणाली. “याचे दोन होतात तेव्हा आपला एक भरतो.”

मी तिच्या हातून तो घेतला. खिडकीपाशी उजेडात नेला. दांड्यावर जिथे माप छापलेलं असतं, तिथे बारीक कानशीने घासलेलं होतं. आकडा राहू नये, पण दांडा कमजोर होऊ नये, इतकंच. मात्रा अचूक.

मी चमच्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत होतो. सुमतीने विचारलं, “काय झालं?” मग मी तिला सगळं सांगितलं. या वयात बायकोला नवीन सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलं होतं. तिने चमचा परत आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, “तुमच्या जागी मी असते तर मीही दोनच टाकले असते.” आणि नंतर, “पण मी तिथल्या तिथे सांगितलं असतं.”

तेव्हा ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली आहे त्यांनी कृपा करून दुरुस्त करून घ्यावी. दातारांची मात्रा चुकली नव्हती. त्यांची मात्रा कधीच चुकली नाही.

परवा मी दुकानातून एक डबा आणला. बादली निर्जंतुक केली, कोपरापर्यंत हात धुतले. पाणी एक अंशाने जास्त होतं, ते उतरेपर्यंत उभा राहिलो. सुमतीने विरजणाचं पातेलं काही न बोलता बाजूला सरकवलं.

सकाळी पावणेसातला जाग येते. गाडी कुठलीच गाठायची नाही. गुडघे आता टेकत नाहीत, म्हणून स्टूल घेऊन कपाटासमोर बसतो आणि मोजतो. आज चौदा होते. काल सोळा. नोंद केली आहे.